‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे उत्तर बंद करायचं असेल तर

आमचं काम कस्टम्स क्लिअरिंगचं, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून द्यायचं. ऑफिस फोर्टमध्ये, तीन माणसं न्हावा शेव्याला, एकजण सहारच्या एअर कार्गोला, गोदाम भिवंडीत, आणि हिशेब सांभाळणाऱ्या ताई डोंबिवलीहून घरूनच काम करतात. या धंद्यात माल जिथे असेल तिथे माणूस लागतो, त्यामुळे आम्ही पहिल्यापासूनच विखुरलेले होतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा फोर्टमधलं ऑफिसही घरोघरी गेलं आणि त्यानंतर ते पूर्वीसारखं एका छताखाली आलं नाही.

त्या काळात व्हॉट्सॲप ग्रुप वाढत वाढत एकोणीस झाले. इम्पोर्ट, इम्पोर्ट अर्जंट, न्हावा शेवा, न्हावा शेवा नवीन, गोदाम, प्रत्येक मोठ्या पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा, वेगळा. एका गुरुवारी रात्री पावणेबाराला शिपिंग लाइनचा निरोप आला, की एका कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे जादा आकार न लागणारे दिवस, शुक्रवारी संपतायत. ऑफिसातल्या मुलाने तो लगेच ग्रुपवर टाकला. सकाळी त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी मुलीच्या दहावीच्या निकालाचं अभिनंदन सुरू झालं आणि तो निरोप पन्नासएक मेसेजच्या खाली गेला. बंदरावरचा माणूस साडेसहाला घरातून निघाला होता आणि ‘आजची कामं’ दुसऱ्याच ग्रुपवर बघत होता. कंटेनर सोमवारी निघाला. डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचा आकार, आम्ही आमच्या खिशातून भरलं, कारण पार्टीची त्यात काडीची चूक नव्हती.

नंतर बसलो तेव्हा दोघांनीही मोबाइल उघडून दाखवले. “साहेब, मी ग्रुपवर टाकलं होतं.” “साहेब, मला दिसलंच नाही.” दोघेही खरं बोलत होते, आणि तरी काम बिघडलं होतं. निरोपाला ठरलेली जागाच नव्हती. ती जागा ठरवायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतो, आणि जिथे क्रम चुकला तिथे तसंही सांगतो.

आधी आठवडाभर फक्त नोंद करा

ॲप शोधायला लागू नका. शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: काय विचारलं, कुणाला विचारलं, उत्तर कुठे सापडलं, किती वेळ गेला. सोमवार ते शनिवार प्रत्येकाने आपल्याला आलेले प्रश्न त्यात टिपायचे. लांबच्या माणसांनी संध्याकाळी फोनवर सांगितले तरी चालेल. त्या आठवड्यात एकही सवय बदलायची नाही, नाहीतर खरं चित्र दिसत नाही.

आमच्या वहीत तेच तेच प्रश्न होते. ‘डीओ (शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर) आला का?’ ‘ड्युटी भरली का?’ ‘ओरिजिनल कुठे आहेत?’ हे सगळे स्थितीचे प्रश्न, ज्यांचं उत्तर रोज बदलतं. ‘त्या पार्टीला रेट काय सांगितला होता?’ हा निर्णयाचा. एकदा ठरलं की बदलत नाही, पण कुणाला आठवत नाही. आणि ‘सील जुळत नसेल तर काय करायचं?’ हा रीतीचा. याचं उत्तर एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो रजेवर असला की सगळे अडतात.

हे तीन प्रकार वेगळे काढता आले की अर्धं काम झालं. आम्ही तिन्ही एकाच ग्रुपवर सांडत होतो. तुमचा धंदा वेगळा असेल, लिफ्ट दुरुस्तीचा किंवा सीएच्या ऑफिसचा, तरी वही भरा. हेच तीन ढीग पडतील.

एका पानावर लिहा: कशाची जागा कुठे

हे पान प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवं आणि ऑफिसच्या भिंतीवरही. आमचं असं आहे:

कामाची स्थिती: जॉब शीट. प्रत्येक कामाला एक ओळ.
चर्चा: त्या जॉबच्या धाग्यात, म्हणजे ॲपवर त्या कामापुरत्या चालणाऱ्या संभाषणात.
कागद: शेअर्ड ड्राइव्हवर, जॉब नंबरच्या फोल्डरमध्ये.
ठरलेली गोष्ट: निर्णयवहीत.
कसं करायचं: माहितीपुस्तकात.
तातडीचं: फोन. फोन ठेवल्यावर धाग्यात एक ओळ.
वाढदिवस, निकाल, गणपतीचे फोटो: व्हॉट्सॲपचा एक ग्रुप, मजेत चालू द्या.

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. लांब बसणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घरातलं कळलं पाहिजे. ती जागा काढून घेतली तर निकालाचं अभिनंदन पुन्हा कामाच्या धाग्यात येणार.

‘तातडीचं’ म्हणजे काय तेही लिहून ठेवा. आमच्याकडे उद्या सकाळी ९ च्या आत पैसे किंवा माल अडकणार असेल तरच ते तातडीचं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण, उशिरा भरलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी लागते, म्हणजे ते नक्कीच तातडीचं. अशा वेळी रात्री अकरालाही फोन करायचा, मेसेजवर भागवायचं नाही. बाकी रात्री आठनंतर कुणी उत्तर दिलं नाही तर त्याला जाब विचारायचा नाही. हे दुसरं वाक्य सगळ्यात वरच्या साहेबांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या, त्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही.

ॲप कोणतं

यावर आम्ही दीड महिना घालवला, तेवढा घालवू नका. तुमची मेल जिथे आहे त्याच घरातलं ॲप घ्या. मायक्रोसॉफ्टची मेल असेल तर टीम्स, झोहोची असेल तर क्लिक, गुगलची असेल तर गुगल चॅट. आमची गुगलची होती. एकच पासवर्ड, एकच माणूस खाती उघडणार आणि बंद करणार, याचा फायदा बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा आहे.

फुकटच्या योजना मात्र नीट वाचा. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसत नाहीत आणि वर्षापेक्षा जुने पुसलेच जातात. आमच्यासारख्या धंद्यात ते चालणारं नाही. कस्टम्स ब्रोकरच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे आम्हाला नोंदी निदान पाच वर्षं जपाव्या लागतात. घरात सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल तर झुलिप बघण्यासारखं आहे. ते मुक्त स्रोत आहे आणि तिथलं संभाषण विषयवार चालतं, ही शिस्त फार उपयोगी पडते.

फाइलींची एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. गुगल ड्राइव्हवर कुणी स्वतःच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये शीट बनवली तर मालकी त्या माणसाच्या खात्याची राहते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं पुसलं, की शीटही जाऊ शकते. शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाइलची मालकी संस्थेकडे असते. योजना घेण्याआधी तिच्यात शेअर्ड ड्राइव्ह मिळतो का, एवढं विचारून घ्या.

नंबर सगळीकडे एकच, आणि एकाच पद्धतीने लिहिलेला

मराठी माणसांच्या ऑफिसात शोधाची एक खास अडचण असते. आपण मोबाइलवर कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमनमध्ये. एकच शब्द कुणी डिमरेज लिहितो, कुणी डॅमरेज, कुणी इंग्रजी स्पेलिंगने, तेही तीन तऱ्हांनी. पार्टीच्या नावाचंही तेच. सहा महिन्यांनी शोधायला जा, निम्मं सापडत नाही.

म्हणून जॉब नंबर हीच शोधाची किल्ली ठेवा. आमचा नंबर ‘आयएमपी-०४१२’ असा असतो: मधे एकच आडवी रेघ, कुठेही मोकळी जागा नाही, आकडे कायम चार. शीटमध्ये तोच, फोल्डरला तोच, धाग्याचं पहिलं वाक्य त्यानेच सुरू होतं, बिलावर तोच. मेसेज भले मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये असू दे, नंबर बरोबर असला की सगळं एका जागी येतं. यावर मी फार कडक राहिलो आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

धाग्यातला मेसेज वाचणाऱ्याला मागे न जाता कळला पाहिजे. ‘झालं’ असा मेसेज निरुपयोगी. ‘आयएमपी-०४१२ आउट ऑफ चार्ज मिळालं, डीओ शुक्रवारपर्यंतच चालेल, गाडी उद्या सकाळी हवी, गोदामाने कळवावं’ हा कामाचा. (आउट ऑफ चार्ज म्हणजे माल नेण्याची कस्टम्सची परवानगी.) काय झालं, कधीपर्यंत, पुढे कुणी काय करायचं, एवढंच. यार्डात उन्हात उभ्या माणसाला एवढं टाइप करणं जमत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. त्याने व्हॉइस मेसेज पाठवावा. ऑफिसातला माणूस ऐकून त्याखाली एक ओळ लिहील.

हे लिहिणारा माणूस रोज ठरलेला असतो. आम्ही त्याला नोंदपाळी म्हणतो. सकाळी १० ते संध्याकाळी ६, आळीपाळीने. ड्रायव्हर, शिपिंग लाइनचे लोक, पार्ट्या व्हॉट्सॲप सोडून आपल्या ॲपवर येणार नाहीत, कितीही सांगा. तेव्हा बाहेरून आलेलं तासाभरात धाग्यात आणि शीटमध्ये नोंदवणं हे नोंदपाळीचं काम. साडेनऊला ‘आजची यादी’ टाकणं आदल्या दिवशीच्या नोंदपाळीकडे, म्हणजे विरार फास्टमध्ये उभा असलेला माणूसही एका नजरेत दिवस बघू शकतो. ही पाळी आम्ही पहिल्या चार महिन्यांत लावली नव्हती. तेव्हा नवं ॲप आणि जुना गोंधळ दोन्ही एकदम चालू होते.

ठरलं ते इतिवृत्तात

सोसायटीच्या सभेची नोटीस काढून बघा. पहिला विषय बहुतेक ठरलेला: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ आपल्या आईवडिलांच्या पिढीने ही रीत इमानाने पाळली, आणि आपण ऑफिसात लाखांचे निर्णय फोनवर घेऊन विसरून जातो.

निर्णयवही म्हणजे एक साधी शीट. आमच्यातली एक नोंद देतो: ‘क्र. ६१. शनिवारी दुपारी ३ नंतर भिवंडीत माल उतरवून घ्यायचा नाही. कारण: माथाडी मिळत नाहीत, गाडी रविवारभर उभी राहते. अपवाद: औषधं. ठरवलं: गोदाम, वाहतूक, साहेब, फोनवर. पुन्हा बघायचं: दिवाळीनंतर.’

यातलं ‘कारण’ कधी गाळू नका. कारण लिहिलेलं असलं की नवा माणूस वाद घालत नाही, आणि कारण संपलं की निर्णय बदलायलाही कुणी घाबरत नाही. दर सोमवारी पंधरा मिनिटं सगळे फोनवर येतात, गेल्या आठवड्यातले निर्णय वाचले जातात, कुणाची हरकत असेल तर तिथेच. हरकत नसेल तर कायम.

काकांच्या डोक्यातलं कागदावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं पंधरा दिवसांत उभं राहतं, माहितीपुस्तकाला महिने लागतात.

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तिथले आमचे जुने सहकारी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, नव्वदच्या दशकापासून तिथे आहेत. कुठल्या सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाला) कुठला कागद आधी दाखवायचा, तपासणीला कंटेनर लवकर लागावा म्हणून अर्ज किती वाजता द्यायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मी त्यांना कोरी फाइल दिली आणि म्हटलं, “काका, वेळ मिळेल तसं लिहा.” तीन महिन्यांनी ती फाइल तशीच कोरी परत आली. चूक माझी होती. जो माणूस आयुष्यभर हाताने काम करत आलाय त्याला लेख लिहायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग मी एक दिवस त्यांच्याबरोबर गेलो. जुलैचा पाऊस, शेडच्या पत्र्यावर एकसारखा आवाज. कंटेनर उघडण्याआधी काकांनी खिशातून रुमाल काढला, सील पुसलं, अंगठ्याने कडेचा चिखल काढला आणि मोबाइल किंचित तिरका धरून फोटो घेतला. मी विचारलं, तिरका का? म्हणाले, “ओल्या सीलवर फ्लॅश चमकतो, साहेब. आकडे दिसत नाहीत. मग पार्टी म्हणते, सील आमचं नव्हतंच.” कुठल्याही परिपत्रकात न सापडणारी ही गोष्ट आज आमच्या माहितीपुस्तकातल्या एका पानाची पहिली ओळ आहे.

तेव्हापासूनची पद्धत ही. बरोबर जा आणि बघा. नंतर चहाला वीस मिनिटं बसा, विचारून रेकॉर्डिंग लावा. ‘प्रोसेस सांगा’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ केल्यासारखं येतं. ‘मागच्या खेपेला काय बिघडलं होतं?’ असं विचारा. मग बोलणं थांबत नाही. त्यावरून पान तुम्ही लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. ते तीन ठिकाणी तरी थांबवतील, आणि खरा माल तिथेच असतो. पानाखाली ‘माहिती: न्हावा शेवा, काका’ असं लिहायला विसरू नका. आमच्या काकांनी ते पान घरी मुलाला दाखवलं. पुढची चार पानं त्यांनी स्वतः बोलावून सांगितली.

पानाचं नाव म्हणजे माणसं विचारतात तो प्रश्न. ‘सील पडताळणी कार्यपद्धती’ असं कुणी शोधत नाही. ‘सील जुळलं नाही तर?’ असं शोधतात. पहिल्या तीन ओळींत उत्तर, मग पायऱ्या, मग फोटो. फोनवर जी भाषा बोलता तीच पानावर ठेवा. आमच्या भिवंडीच्या माणसांसाठी दोन पानं हिंदीतही आहेत. प्रत्येक पानावर सांभाळणारा कोण आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख हवी. जुनं झालेलं पान पुसू नका, वर ठळक ‘जुने’ लिहा आणि नव्याचा दुवा द्या. दर तीन महिन्यांनी सगळी पानं चाळायची, आणि ड्युटीशी संबंधित पानं १ फेब्रुवारीच्या बजेटनंतर लगेच. जुना दर लिहिलेलं पान कोऱ्या पानापेक्षा धोक्याचं.

स्थलांतर

एकदम सगळ्यांना हलवू नका. आम्ही आधी एअर कार्गो घेतलं, कारण तिथे माणूस एक आणि कामं झटपट संपणारी. तीन आठवडे चुका काढल्या. मग न्हावा शेवा, शेवटी गोदाम. प्रत्येकाची तारीख आधी सांगितली आणि त्या दिवशी जुना ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ असा केला, वर नव्या जागेचा दुवा टाकून. ग्रुप पुसले नाहीत. जुने फोटो लोकांना महिनोन् महिने लागतात.

नव्या पद्धती मोडतात त्या वरिष्ठांकडून. साहेब गाडीतून व्हॉट्सॲपवर विचारतात, समोरचा तिथेच उत्तर देतो, आणि आठवडाभरात सगळे परत तिथेच. आम्ही साहेबांशी आधीच बोललो होतो. त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं की उत्तर एकच: ‘साहेब, धाग्यात लिहिलंय,’ सोबत दुवा. त्यांनी ते मनावर घेतलं म्हणून जमलं. खालच्या कुणी चुकून जुन्या जागी लिहिलं तर चारचौघांत टोकू नका. नोंदपाळीने गुपचूप उचलून धाग्यात ठेवावं आणि संध्याकाळी फोन करून सांगावं.

कुलूप, किल्ल्या आणि पाऊस

पार्टीचे पॅन, आधार, आयईसीचे (आयात-निर्यात कोडचे) कागद सगळ्यांच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीत पडलेले असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, पण कायदा नसता तरी हे बरोबर नव्हतं. कागद फक्त ड्राइव्हवर. तिथे ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी बंद, प्रत्येक खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू. पासवर्ड माहितीपुस्तकात कधीही लिहू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर घ्या. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी खातं बंद करायचं, आणि त्याच्या चालू जॉबच्या धाग्यांत पुढचा माणूस कोण ते लिहायचं. याचंही एक पान करा.

सगळं एका जागी आणलं की ती जागा बंद पडण्याची तयारीही हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ती रात्र मुंबईकर विसरलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला तर ऐन सकाळी शहराची वीजच गेली. बंदराच्या यार्डात एरवीही रेंज नीट मिळत नाही. म्हणून चालू आठवड्याची जॉब शीट मोबाइलवर ऑफलाइन उघडेल अशी ठेवली आहे, आणि सगळ्यांचे फोन नंबर, कुणी कुणाला फोन करायचा त्या क्रमाने, लॅमिनेट करून प्रत्येकाच्या बॅगेत दिले आहेत.

तीन महिन्यांनी वही परत काढा

तेच चार रकाने, तोच आठवडा. ‘डीओ आला का?’ हा प्रश्न आमच्या पहिल्या वहीत पानोपानी होता; दुसऱ्या वेळी दोनदाच आला, दोन्ही वेळा शीट भरायची राहिली होती म्हणून. ‘ओरिजिनल कुठे आहेत?’ मात्र तसाच येत राहिला. कागद हातोहात फिरतो, त्याला धागा नसतो. शेवटी जॉब शीटमध्ये एक रकाना वाढवला: ‘ओरिजिनल कुणाच्या हातात’. कागद देणारा तो भरत नाही, घेणारा भरतो, आणि भरल्याशिवाय पाकीट ताब्यात घेत नाही. गेल्या महिन्यापासून हे चालू केलंय. पुढची वही दिवाळीनंतर.